बहिणीच्या केसमध्ये माझे मेसेज : कौटुंबिक न्यायालयात फोन किती उघडायचा?

होटगीरोडची_ताई

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण दीड वर्षापासून माहेरी आहे. तिच्या नवऱ्याने क्रूरतेच्या कारणावर घटस्फोटाचा अर्ज केलाय, केस इथे सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. मागच्या तारखेला त्यांच्याकडून २१२ पानांचा गठ्ठा आला. सगळे बहिणीच्या व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट. ती सासरी असताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असायचा, तेव्हा कधीतरी तो कुणाच्या कॉम्प्युटरला जोडला गेला असणार.

त्यातली साधारण १४० पानं तिचं आणि माझं बोलणं आहे. सासूबद्दलची कुरकुर आहे, नवऱ्याबद्दलचा राग आहे. ते केसशी लागतं, समजू शकते. पण माझं बाळ चौथ्या महिन्यात गेलं तेव्हा रात्री दोन वाजता मी तिला जे लिहिलं होतं, तेही आहे. त्यातलं काही मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. आता ते पान ८७ ते ९३ आहे. बहिणीच्या सासरच्या चार-पाच जणांनी ते वाचलेलं आहे. मी त्या केसमध्ये अर्जदार नाही, जाबदार नाही, साक्षीदारसुद्धा नाही.

आता दुसरी बाजू. बहिणीच्या फोनमध्ये नवऱ्याच्या अकरा कॉलचं रेकॉर्डिंग आहे. "पोरीला उचलून नेतो, बघ काय करतीस ते" अशा धमक्या. आमचे वकील ते दाखल करणार आहेत, आणि करायलाच हवं. मग आमचं रेकॉर्डिंग चालावं आणि त्यांचे स्क्रीनशॉट नकोत, असं मी म्हणतेय का? या प्रश्नाने मला झोप नाही. दोन्हींत काही फरक आहे का, की मला तो असावासा वाटतोय म्हणून दिसतोय?

कन्नाचौक

अक्का, वाचून पोटात कालवलं. कायद्याचं मला कळत नाही, पण फरक हाय. धमकी त्यानं तिला दिलती. तुमचं बोलणं त्याच्याशी नव्हतंच की. त्यानं कशाला वाचायचं?

नवीपेठ_मोबाईलवाला

पंधरा वर्षं रिपेअरिंगचं दुकान आहे. महिन्यातून दोन-तीन जण तरी येतात, "बायकोचा फोन उघडून द्या", "नवऱ्याचे डिलीट केलेले चॅट काढून द्या". मी करत नाही. सुरुवातीला एकदा एका माणसाचं ऐकून केलं होतं, त्याची रुखरुख अजून आहे. तो फोन त्याच्या बायकोचा होता हे मला नंतर कळलं.

ताई, कामाचं सांगतो. बहिणीच्या व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून बघा. तिथे कुठला अनोळखी कॉम्प्युटर अजून दिसत असेल तर लगेच काढू नका. आधी दुसऱ्या फोनने त्या यादीचा फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. मग लॉगआउट करा. लोक घाबरून आधी काढून टाकतात आणि पुरावा तिथेच संपतो.

ती अकरा रेकॉर्डिंगं कुणालाही व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करून "जपून" ठेवू नका, फाईलचं नाव आणि तारीख बदलते. मूळ फोन तसाच ठेवा. रीसेट नको, एक्स्चेंजमध्ये देणं तर नकोच.

पुण्यात_राहणारा_सोलापूरकर

माझं मत कडक आहे. नवरा-बायकोने एकमेकांचं चोरून केलेलं कुठलंच रेकॉर्डिंग कोर्टाने घेऊ नये, ताईंच्या बहिणीचंही नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हटला. लग्न झालं म्हणून तो हक्क उंबऱ्याबाहेर ठेवायचा का?

आणि रेकॉर्डिंग खरं बोलतं हा समज मला पटत नाही. बटण ज्याने दाबलंय त्याला माहीत असतं की तिसरं कुणी ऐकणार आहे. तो तोलून बोलतो, समोरच्याला चिडवतो आणि समोरचा भडकतो. कोर्टापुढे जातो तो एकाचा भडका आणि दुसऱ्याचा संयम.

सातरस्ता_७

वरच्या प्रतिसादाने जुनी जखम उघडली, म्हणून लिहितो.

सहा वर्षांपूर्वी माझी केस चालली. समोरून चाळीस सेकंदांची क्लिप आली होती. त्यात मी ओरडतोय, भांडं आपटल्याचा आवाज आहे. माझी आई ती ऐकून कोर्टाच्या व्हरांड्यात खाली बसली. माझ्या फोनमध्ये त्याच रात्रीचं सव्वीस मिनिटांचं आख्खं रेकॉर्डिंग होतं. भांडं मी आपटलं नव्हतं, आणि ओरडण्याआधी वीस मिनिटं मी काय ऐकून घेत होतो तेही त्यात होतं. ते घेऊ नका असं कोर्ट म्हणालं असतं, तर ती चाळीस सेकंदं आयुष्यभर माझ्या कपाळावर राहिली असती. घराच्या आत साक्षीदार नसतो हो. शेजारचे म्हणतात, "आम्हाला काही माहीत नाही, आम्ही गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो."

तुम्ही म्हणता ते एक मात्र खरं आहे. उलटतपासणीत मला नेमकं हेच विचारलं होतं, "फोन चालू आहे हे माहीत असल्यामुळेच तुम्ही शांत बोलत होतात ना?" मी हो म्हणालो. ते लपवण्यात अर्थ नव्हता. आणि तो प्रश्न विचारता आला हेच बरं झालं, कारण रेकॉर्डिंग घेतलं म्हणजे त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला असं होत नाही.

काळाकोट_सोलापूर

मी इथेच वकिली करते. ताईंच्या वकिलांच्या सल्ल्याला हे पर्याय नाही, पण चर्चेत काही गोष्टी एकत्र व्हायला लागल्यात त्या सोडवते.

जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२२, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२८. लग्न टिकून असताना जोडीदाराने आपल्याला जे सांगितलं ते उघड करायला आपल्याला भाग पाडता येत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय उघडही करता येत नाही. पण त्याच कलमात अपवाद आहे : दावा नवरा-बायकोतच असेल तर हे बंधन नाही.

पंजाबातल्या भटिंडाच्या एका केसमध्ये नवऱ्याने बायकोशी झालेल्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगची सीडी दिली. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने ती घेतली, नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने खासगीपणाचा भंग म्हणून नाकारली, आणि १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा घेतली. न्या. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांचं खंडपीठ. ते म्हणाले की हे कलम विवाहसंस्थेच्या जपणुकीसाठी आहे, ते जोडीदारांमधल्या खासगीपणाच्या हक्कातून आलेलं नाही. अपवादात निष्पक्ष सुनावणीचा हक्क दिसतो. पाळत ठेवल्याने संसार मोडतील, या युक्तिवादावर त्यांचं उत्तर असं की पाळतीपर्यंत गोष्ट गेली असेल तर ते नातं आधीच मोडल्याचं लक्षण आहे.

आता ताईंचा मुद्दा. तो निकाल नवरा-बायकोच्या आपसांतल्या बोलण्याचा आहे. बहिणीची अकरा रेकॉर्डिंगं त्यात बसतात : ती स्वतः त्या संवादात होती. दोन बहिणींचं बोलणं तिसऱ्याने उचलून आणलं, हा प्रश्नच वेगळा. म्हणून फरक तुम्हाला "असावासा" वाटत नाहीये, तो आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, नवऱ्याने बायकोच्या नकळत मिळवलेला तिचा कॉल तपशील नाकारला होता. भटिंडाच्या निकालानंतर त्याचं वजन किती उरलं यावर वाद घालता येईल, पण चोरून मिळवणं आणि स्वतःचं बोलणं टिपणं ही रेघ त्यात दिसते.

मात्र या फरकावर एकट्यावर विसंबू नका. आपल्याकडे पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्याने तो बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९७३ च्या पूरणमल निकालापासून चालत आलंय. दुसऱ्याच्या उपकरणात परवानगीशिवाय शिरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली वेगळी कारवाई होऊ शकते. पण तो गठ्ठा त्यामुळे आपोआप परत जात नाही.

कन्नाचौक

वकीलताई, म्हणजे चोरी केली तरी चोरीचा माल कोर्टात चालतो? हे काय पटंना.

आन अक्का, त्या १४० पानांत आईच्या शेंगाचटणीची कृती पण असंल की. तिला पण पुरावा म्हणून निशाणी नंबर पडणार काय?

होटगीरोडची_ताई

हसू आलं, खूप दिवसांनी. हो, आहे! पान ११२. खलबत्त्यात किती कुटायचं आणि लसूण कधी घालायचा, सगळं.

काळाकोट_सोलापूर

कन्नाचौक, तुम्ही गमतीत म्हणालात, पण ताईंच्या हातात पकडायला मूठ तिथेच आहे.

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४, कलम १४. पुरावा कायद्याने एखादी गोष्ट ग्राह्य असो वा नसो, वाद नीट सोडवायला तिची मदत होईल असं न्यायालयाला वाटलं तर ते ती घेऊ शकतं. सगळे या कलमाकडे मोकळं दार म्हणून बघतात. पण दारात अट उभी आहे : मदत व्हायला हवी. चटणीच्या कृतीने घटस्फोटाचा वाद सुटत नाही, आणि ताईंच्या गेलेल्या बाळानेही सुटत नाही. तेव्हा "गठ्ठा घेऊच नका" असा एकच मोघम आक्षेप न घेता पानागणिक तक्ता करा. कुठलं पान कुठल्या आरोपाशी लागतं आणि कुठलं कशाशीच लागत नाही, ते लिहा. वेळ जातो, वकील कंटाळतात, पण न्यायाधीशांना त्याचा उपयोग होतो.

दुसरं, त्याच कायद्याचं कलम ११. दोघांपैकी एकाही पक्षाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. तिथे न्यायालयाच्या मर्जीचा प्रश्न नाही. बहिणीने अर्ज दिला नसेल तर उद्याच द्यावा.

तिसरं, प्रमाणपत्र. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते आता दोन भागांत असतं : भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाईलचं हॅश मूल्य लिहायचं. प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात १४ जुलै २०२० ला ठाम केलं. कौटुंबिक न्यायालयात कलम १४ मुळे थोडी सूट मिळते असा युक्तिवाद होतो, पण तुमच्या अकरा रेकॉर्डिंगांसाठी तुम्ही सूट मागू नका. रीतसर करा.

नवीपेठ_मोबाईलवाला

हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. पण हॅश काढला त्या क्षणापासूनची हमी तो देतो, त्याआधी कुणी काटछाट केली असेल तर ते हॅश सांगत नाही. म्हणून मूळ फोन लागतो. स्क्रीनशॉट तर चित्रच आहे. खोटं चॅट बनवून देणारी ॲप्स फुकट मिळतात, पोरंसोरं त्यावर मित्रांची मस्करी करतात.

विडीघरकुलची_लेक

माझी आई विड्या वळते. वडील भिवंडीला यंत्रमागावर, आम्हाला सोडून. पोटगीच्या केसमध्ये ते म्हणाले, काम नाही, कमाई नाही. आईला लिहिता येत नाही, म्हणून ती आणि वडील व्हॉइस मेसेजवरच बोलायचे. त्यातल्या एकात ते रागाने बोलून गेले होते की आठवड्याला मला इतके मिळतात, त्यातला एक रुपया तुला देणार नाही. तो मेसेज कोर्टाने ऐकला आणि पोटगी लागली.

घरात फोन एकच होता. आई, मी, लहान भाऊ, तिघांचा. आमच्यात कुणाला वेगळी खोली नाही, वेगळा फोन कुठला. पुण्याच्या दादांचं मत मला समजतं, पण आईकडे त्या आवाजाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. बँकेचं पासबुक नाही, पगाराची पावती नाही.

पण ताईंचं दुःखही मला कळतं. पेनड्राइव्ह करायला एका दुकानात गेलो, तर त्याने पूर्ण फोनच उतरवून घेतला. माझे मैत्रिणींबरोबरचे फोटो, दहावीच्या वेळची माझी लिहिलेली पानं, सगळं. एका मिनिटाचा आवाज हवा होता. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि "एवढंच घ्या" म्हणायचं धाडस झालं नाही. तो पेनड्राइव्ह किती ठिकाणी फिरला, कोण जाणे.

पुण्यात_राहणारा_सोलापूरकर

तुमच्या आईबद्दल वाचून मी माझ्या "कुठलंच" या शब्दावर थांबलोय. तो मी मागे घेतो. पण दुसरा भाग तर माझ्याच मुद्द्याचा आहे. एका मिनिटासाठी सोळा वर्षांच्या मुलीचं सगळं गेलं, आणि तिला कुणी विचारलंही नाही.

निवृत्त_लेखनिक

कोर्टात तेहतीस वर्षं नोकरी केली, बऱ्याच जिल्ह्यांत. आमच्या वेळी पत्रं यायची. अंतर्देशीय, पोस्टकार्ड, कधी लग्नाआधीची प्रेमपत्रं. निशाणी नंबर टाकताना नजर पडायचीच, आणि मी ती खाली घालायचो. तेव्हा पक्षकार नेमकं ते एक पत्र आणायचा. आता फोन आणतात म्हणजे आख्खं कपाट आणतात, आणि कपाटात शेजाऱ्यांचेही कपडे असतात.

होटगीरोडताई, एक व्यवहाराची गोष्ट. सुनावणी बंद दाराआड असली तरी कागद कपाटात राहतात, नक्कल मागितली जाते, झेरॉक्सला जातात. झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठा काउंटरवर पडलेला मी किती वेळा पाहिलाय. म्हणून नुसती बंद सुनावणी मागून भागत नाही. ती पानं सीलबंद पाकिटात ठेवा आणि त्यांची नक्कल देऊ नका, हे अर्जात वेगळं लिहा.

सातरस्ता_७

काका बरोबर बोलले. माझ्या केसचे कागद नात्यातल्या एकाने लग्नाच्या पंगतीत वाचून दाखवले होते.

हुतात्मा_एक्स्प्रेस

जरा विषयांतर. असल्या हुकुमाविरुद्ध दाद मागायची तर पूर्वी मुंबई. पहाटेची गाडी धरा, रात्री परत या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर त्यात आलं, ही आपल्याकडच्या बायकांसाठी मोठी गोष्ट आहे. माझी आत्या तीन वर्षं मुंबईच्या वाऱ्या करून थकली होती.

काळाकोट_सोलापूर

हो, फक्त एक लक्षात ठेवा. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अपील अंतिम निकालावर असतं, मधल्या हुकुमांवर नाही. "हा गठ्ठा घेतला" हा मधला हुकूम. त्यावर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण मूळ केस तेवढी रेंगाळते. खालीच नीट मांडणं कधीही चांगलं.

समुपदेशनात_बारा_वर्षं

मी विवाह समुपदेशनाचं काम करते. इथे कुणी बोललं नाही असं एक सांगायचंय.

जुलै २०२५ च्या त्या भटिंडाच्या निकालाची बातमी आल्यापासून माझ्यासमोर बसणारी जोडपी बदललीत. आधी माणूस रडायचा, "चुकलं माझं" म्हणायचा. आता टेबलावर फोन उलटा ठेवलेला असतो आणि दोघंही वकिलाने शिकवल्यासारखं बोलतात. समुपदेशकासमोरचं बोलणं गोपनीय आहे, ते पुराव्यात आणायचं नसतं, हे मी दर वेळी सांगते आणि दोघांचे फोन बंद करून बाहेर ठेवायला लावते. मागच्या महिन्यात एकाच्या शर्टाच्या खिशात दुसरा फोन निघाला. त्याच्या बायकोने तो बघितला आणि ती उठून गेली. त्याआधी ती पहिल्यांदाच मोकळं बोलत होती.

निकाल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ज्या बाईला मारहाण होते तिला रेकॉर्डिंग करायला मीच सांगते. पण तडजोडीची जागा तरी फोनविना राहायला हवी. ती गेली तर दोघांनी एकमेकांना माफ करायची खोलीच उरत नाही.

होटगीरोडची_ताई

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. तारीख होऊन आली, म्हणून लिहिते. दरम्यान तीन रात्री बसून बहिणीने आणि मी २१२ पानांचा तक्ता केला. पान, तारीख, कुणाचं बोलणं, कशाशी संबंध. ८७ ते ९३ तिने केली, मला करू दिली नाही. लेखनिक काकांचं सीलबंद पाकिटाचं वाक्य आमच्या वकिलांनी जवळजवळ तसंच अर्जात घातलं.

त्यांचे वकील म्हणाले, तुकडे पाडले तर संदर्भ हरवेल, सगळं एकत्रच वाचायला हवं. खरं सांगते, मला सातरस्तांची चाळीस सेकंदं आठवली आणि त्या मुद्द्यात तथ्य वाटलं. न्यायाधीश बाईंनी दोघांचं ऐकलं. हुकूम असा झाला : सासरच्या आरोपांशी लागणाऱ्या संभाषणाची पानं राहतील, आणि ती त्या-त्या दिवसाचं पूर्ण बोलणं धरून राहतील. मधलीच ओळ उचलायची नाही. बाकीची ९६ पानं सीलबंद, हुकुमाशिवाय नक्कल नाही. आमची अकराही रेकॉर्डिंगं सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्यायची, मूळ फोनसकट. त्यात दोन ठिकाणी बहिणीनेही वाईट बोललेलं आहे. ती म्हणाली, असू दे, मी बोललेय ते.

तो कॉम्प्युटर लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अजून दिसत होता. फोटो काढला. त्याची तक्रार वेगळी करायची की नाही, ते बहीण ठरवेल. मुलीला बाप भेटतो दर रविवारी, तिला त्याचाही विचार आहे.

विडीघरकुलची_लेक

ताई, ९६ पानं! चटणी सुटली का?

होटगीरोडची_ताई

सुटली. आणि ८७ ते ९३ सुद्धा.

पण एक राहिलंय, वकीलताई. सीलबंद झाली ती कोर्टातली प्रत. त्यांच्याकडे घरी जी प्रत आहे, कॉम्प्युटरवर आहे, तिचं काय? परवा बहिणीच्या जावेने कुणाला तरी म्हटलं की "तिच्या बहिणीचं पण काहीतरी झालं होतं म्हणे." बहीण आता मला मेसेज करत नाही. काही बोलायचं असलं की स्कूटी घेऊन येते, आणि आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या कडेला जाऊन बसतो.

काळाकोट_सोलापूर

त्या प्रतीबद्दल हुकुमात काही नसेल तर बहिणीच्या नावाने वेगळा अर्ज द्या : ती पानं आणि त्यांच्या सगळ्या प्रती कुणाला दाखवू नयेत, कुठे पाठवू नयेत, तसं शपथपत्र समोरच्याने द्यावं. जावेचं वाक्य कुणी ऐकलं, कुठल्या दिवशी, ते आजच लिहून ठेवा. आणि तुम्ही पक्षकार नसलात तरी ती पानं तुमची आहेत, तुमचं म्हणणं तुमच्या सहीने सोबत जोडा. मसुदा करून वकिलांना दाखवा, अडलं तर इथे विचारा. पुढची तारीख कधीची आहे?

होटगीरोडची_ताई

येत्या मंगळवारची. आज रात्रीच लिहायला बसते.